हाताचा पत्ता

डॉक्टर मुजावरांशी हात मिळवायला म्हणून रणधीर आंबीने उजवा हात पुढे करायचं मनात आणलं, आणि त्याचा डावा हात सपकन उठून डॉक्टरांच्या चष्म्यावर बसला. चष्मा उडाला तो थेट चहाच्या कपात. परिचारिका हसू दाबत खिडकीकडे वळली. डॉक्टर मुळात सज्जन माणूस, चष्मा पुसत म्हणाले, "जोर छान आहे. दोन वर्षांपूर्वी या हाताला माशी हाकलता येत नव्हती."

शलाका मात्र हसली नाही. ती रणधीरची धाकटी बहीण. त्याच्या गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या यंत्राची सगळी आज्ञावली तिनेच लिहिली होती, त्यामुळे चष्म्यावर बसलेली ती चापट खरं तर तिचीच होती.

"सकाळी सगळं बरोबर होतं," ती म्हणाली.

"सकाळी रोजच बरोबर असतं की," रणधीर चिडला. "दुपार झाली की माझं हात एकमेकांच्या घरात ऱ्हायला जात्यात. आन् तू म्हणतीस, बघते दादा, बघते. किती बघशील गं?"

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि तिला व्हरांड्यात बोलावलं. "शलाका, शुक्रवारी मला निर्णय कळवायचा आहे. आज चष्मा गेला. उद्या त्याच्या हातात गरम चहा असेल, परवा जिन्याचा कठडा. शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही, तर मी कुलूप लावणार."

"कुलूप नको, सर."

"मलाही नको आहे. पण तो जिवंत राहायला हवा आहे."

कुलूप म्हणजे काय, हे सांगायचं तर आधी त्या यंत्राची ओळख करून द्यायला हवी. कृष्णेच्या पुरात पुलावरून सूर मारताना रणधीरची मान मोडली होती. मानेखाली सगळा अंधार. पूर्वी असल्या माणसाला खुर्ची द्यायचे, धीर द्यायचे आणि गप्प बसायचे. मग अंकुरतारांचा शोध लागला. हा वीज वाहून नेणारा धागा. त्याच्यावर जिवंत पेशींचं आवरण असतं. शरीरात सोडला की तो मुळासारखी आपली वाट काढत जातो. स्नायूला टेकला की त्याच्या टोकाला जाग येते. जाताना हुकूम नेतो, येताना स्पर्श आणतो. मोडलेल्या जागेच्या वरच्या अंगाला असेच धागे मेंदूत, जिथे हालचालीचा बेत ठरतो तिथे टेकवायचे, खालच्या अंगाला स्नायूंत सोडायचे, आणि मध्ये एक चिंचोक्याएवढा संगणक ठेवायचा. त्याला सगळे मज्जासेतू म्हणत.

घरातला संगणक एका नेटवर्क कार्डावर सुखाने नांदतो. सेतूला अशी आठ कार्डं होती. एक डाव्या हातासाठी, एक उजव्या, पाठीला एक, पोटाला एक, पायांना दोन आणि वर मेंदूकडे दोन. आठ गल्ल्यांच्या चौकात बसलेला पोस्टमनच म्हणा ना. नवं टोक जागं झालं की त्याला स्वतःचं नावगाव काहीच ठाऊक नसतं. ते आपल्या गल्लीत नुसती आरोळी ठोकतं, 'कुणी आहे का? मला पत्ता द्या!' सेतू ती आरोळी कुठल्या कार्डातून आली ते बघतो आणि त्याच गल्लीतला एक रिकामा क्रमांक त्या टोकाला देतो. तोही कायमचा नाही, भाड्याने. मुदत संपली की पुन्हा मागायचा. तुमच्या कचेरीतला फोन आणि प्रिंटर रोज हेच करतात, फक्त त्यांच्या आरोळ्या आपल्याला ऐकू येत नाहीत.

टोकं हजारोंनी, आणि रोज नवी उगवणारी. त्यांना माणसाने एकेक करून पत्ते वाटायचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. म्हणून पत्ते आपोआप वाटणारी आज्ञावली, आणि म्हणून शलाका. एका टोकाला चुकून दोन पत्ते मिळू नयेत म्हणून तिने एक कडक नियमही घातला होता: ज्याच्याकडे पत्ता आहे, त्याने पुन्हा आरोळी मारली तर दुर्लक्ष करायचं. या नियमाचं पुण्याच्या परिषदेत कौतुक झालं होतं.

कुलूप लावायचं म्हणजे आज ज्याच्याकडे जो पत्ता आहे तो कायमचा करायचा आणि नव्या आरोळ्यांना कान बंद करायचे. पत्ता न मिळालेलं टोक काही दिवसांत मरतं, त्यामुळे हे कुलूप पुन्हा उघडता येत नाही. रणधीरचे हात सुधारतील तेवढे सुधारतील, त्याला चमचा धरता येईल, खुर्चीचं बटण दाबता येईल. पण पायांकडे निघालेले धागे अजून वाटेतच होते. पायांच्या दोन्ही कार्डांवर आजवर एकही आरोळी आली नव्हती, आणि कुलूप लागलं तर कधीच येणार नव्हती. भावाचे पाय शुक्रवारी मरणार, आणि त्या कागदावर शलाकाची सही असणार.

तिने काय काय करून पाहिलं नाही! आधी वाटलं, सेतू पुन्हा सुरू होताना कार्डांचा क्रम बदलत असेल. जे कार्ड आधी जागं होईल ते पहिलं, असा घोळ पुष्कळ संगणकांत होतो. पण प्रत्येक कार्ड तिने त्याच्या जन्मक्रमांकाला बांधलेलं होतं. तिथे गडबड नव्हती. मग तिने मुदतीवर संशय घेतला. सकाळी बरोबर, दुपारी उलट, म्हणजे मध्ये कुठेतरी भाडेकरार संपत असणार! तिने मुदत वाढवली. दुपारी रणधीरने नाक खाजवायला गेलेल्या हाताने शेजारच्या टेबलावरचा तांब्या पाडला.

"माझ्या नाकाचा पत्ता तरी बरोबर हाय का बघ," तो म्हणाला. आणि मग एकदम आवाज खाली आणून, "शले, तुला जमत नसलं तर सांग की. मी रागावणार न्हाई. पर उगं आशा लावू नगंस."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

गुरुवारी दुपारी गुंडातात्या आले. कुरणवाडीच्या शर्यतीच्या होडीचे ते सुकाणूवाले. पुराचं पाणी ओसरलं की कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात, आणि कुरणवाडीची होडी म्हणजे गुंडातात्यांची जीभ, असं पंचक्रोशीत म्हणत. अपघातापूर्वी रणधीर त्यांच्या होडीतला पहिला वल्हेवाला होता. तात्यांनी नदीपलीकडच्या मळीतली, गाळाच्या रानातली वांगी पिशवी भरून आणली होती. ती त्यांनी परिचारिकेच्या टेबलावर ओतली आणि रणधीरसमोर बसकण मारली.

उन्हाची वेळ. खोलीची खिडकी पश्चिमेला, नदी वाहत जाते त्या बाजूला. सकाळी रणधीर तिच्याकडे तोंड करून बसे. दुपारी डोळ्यांवर ऊन येई म्हणून कुणीतरी खुर्ची फिरवून त्याची पाठ खिडकीकडे करी. आत्ताही ती तशीच होती.

"अरं काय सांगू," तात्या म्हणाले, "काल सरावाला नदीतल्या वळणाच्या पिंपापाशी फिरताना घाटाकडची चौघं ढिली पडली, आन् होडी गेली की मळीत. वांग्यांत घातली असती."

"घाटाकडं कोण बसवलाय?" रणधीर उसळून म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने हात उचलून घाट दाखवला.

डावा हात उठला. घाट होता उजवीकडे.

"ह्ये बघा! पुन्हा!" रणधीर ओरडला.

शलाका कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसली होती. ती उठली. तिने खुर्ची गर्रकन फिरवून खिडकीसमोर केली. आता घाट रणधीरच्या डाव्या अंगाला आला.

"दादा, आता दाखव. घाट."

डावा हात उठला आणि बरोबर घाटाकडे गेला.

"मळी."

उजवा हात. बरोबर.

तिने खुर्ची पुन्हा फिरवली. "घाट." डावा हात उठला आणि मळीकडे गेला. तात्या तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"दादा," ती त्याच्यासमोर येऊन बसली, "सरावाच्या वेळी तुला 'डावा हात' म्हणतात, तेव्हा तू मनात काय आणतोस?"

"होडी. सराव घेणाऱ्या बाईंनीच सांगितलं हुतं, जे लई आवडतं ते मनात आणा. मी होडीत बसतो. डावा म्हंजे घाटाकडचा. मग घाटाकडचं वल्हं मारतो."

"आणि पाठ फिरवून बसवल्यावर?"

"मग डावा म्हंजे मळीकडचा की. त्यात काय इचारायचं?"

कुरणवाडीच्या होडीत डावं-उजवं म्हणायचं नाही, असा दंडक होता. आंबी पिढ्यान् पिढ्या नाव चालवणारे. नावाडी बसायचा उलट्या तोंडाने, उतारू सुलट्या तोंडाने. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. म्हणून मग नदीलाच साक्षी ठेवलं. एक बाजू घाटाची, दुसरी मळीची. पोराने होडीत 'डावीकडे' म्हटलं तर तात्या त्याला पाण्यात ढकलत, आणि मग वल्ह्यानेच वर काढत. शलाकाही लहानपणी अशी दोनदा भिजली होती. पुण्याला गेल्यावर ती डावं-उजवं शिकली आणि नदी विसरली. रणधीर विसरला नव्हता. त्याच्या मेंदूने सेतूला शिकवलेला हुकूम 'डावा हात' हा नव्हताच मुळी. तो होता 'घाटाकडचा हात', आणि ज्या सकाळी सेतू तो शिकला, त्या सकाळी घाट डावीकडे होता.

ती डॉक्टरांच्या खोलीत घुसली तेव्हा डॉक्टर डबा खात होते.

"सर, पत्ते बरोबर आहेत! पत्ता वस्तूचा नसतो, गल्लीचा असतो. तुम्ही कुठल्या गल्लीत उभे आहात त्यावर तो ठरतो. दादाची गल्लीच फिरते! तो वळला की घाट या हाताचा त्या हाताला जातो, आणि माझा सेतू जुन्याच गल्लीत पत्रं टाकत बसतो!"

डॉक्टरांनी घास खाली ठेवला. दोनदा समजावून घेतलं. मग ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "चार तज्ज्ञ बोलावले मी. मेंदूचे! आता, त्याला डावं-उजवं शिकवायचं?"

"त्याला महिने लागतील. त्यापेक्षा सेतूला नदी शिकवते. सेतूत दिशा कळणारा कण, होकायंत्रच म्हणा, आधीच आहे. दादा वळला की मेंदूकडच्या टोकांचे पत्ते काढून घ्यायचे आणि नव्या गल्लीचे द्यायचे. झालं!"

संध्याकाळच्या आत तिने ते केलंही. खुर्ची फिरवली, हात बरोबर. पुन्हा फिरवली, पुन्हा बरोबर. रणधीरने स्वतःच्या हाताने डॉक्टरांचा चष्मा काढला, परत नीट नाकावर बसवला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"खुर्चीत काय बघताय?" रणधीर म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "होडीत बघा."

डॉक्टर नाही म्हणणार होते. पण शुक्रवारचा निर्णय खुर्चीतल्या हातांवर घ्यायचा, हे त्यांनाही पटत नव्हतं. शेवटी उपचार केंद्राखालच्या घाटावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणवाडीची होडी लागली.

रणधीरला तरंगणारं जाकीट घालून घाटाकडच्या ओळीत बसवलं, कमरेला पट्टा लावला, पाय होडीच्या फासळीवर टेकवून ठेवले. वल्हं त्याने स्वतः धरलं. शलाका आणि डॉक्टर मोटारबोटीत बसून बाजूने निघाले. "हाण घाट! हाण मळी!" तात्यांचा आवाज पाण्यावरून आला आणि होडी सुटली. रणधीरचं वल्हं बाकीच्यांच्या मागे पडत होतं, वाकडं पडत होतं, पण पडत होतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिच्या भावाने नदी मागे ढकलली. शलाका मोटारबोटीत उभी राहून गावच्या पोरीसारखी ओरडत होती आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

पिंप आलं. होडी वळू लागली. अर्ध्या वळणावर रणधीरचे दोन्ही हात एकदम लुळे पडले आणि लगेच उलटे उसळले. वल्हं शेजाऱ्याच्या बरगडीत गेलं, कमरेचा पट्टा सुटला, आणि रणधीर तोंडघशी पाण्यात गेला.

त्याला वर काढायला चौघांनी उड्या टाकल्या. घाटाच्या पायरीवर त्याला आडवं केलं तेव्हा तो खोकत होता आणि शिव्या देत होता, म्हणजे ठीक होता. डॉक्टरांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"बस," ते म्हणाले. "शलाका, मी लावतोय कुलूप. माफ कर."

बोलला तो रणधीर.

"तात्यांनी 'फिरली' म्हणायच्या आधीच हात कसं बदललं? मी मागितलं हुतं का?"

"काय?" शलाका खाली बसली.

"अगं, पिंपापाशी होडी फिरती, पर आपण फिरत न्हाई. तात्या 'फिरली!' म्हणत्यात, तवा घाटाची मळी हुती. तोवर घाट तो घाटच. मी घाटच मारत हुतो, आन् तुझ्या डबड्यानं माझं हात काढून घेतलं!"

ओल्या पायरीवर बसलेल्या शलाकाला आपल्याच विद्येचं पहिलं वाक्य आठवलं, जे ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवत असे: पत्ता वाटणारा कधी कुणाच्या दारात जात नाही, तो मागणाऱ्याची वाट बघतो. तिने उलट केलं होतं. होकायंत्र बघून भावाच्या हातांना पत्ते लादले होते. आणि त्याआधी? मेंदूकडची टोकं बेत बदलला की जुना पत्ता टाकून नवा मागतील, अशीच घडवलेली होती. म्हणजे खुर्ची फिरवली की दर दुपारी ती आरोळ्या मारतच असणार. पण सेतूच्या वहीत त्यांच्या नावावर आधीचा पत्ता अजून होता. आणि ज्याच्याकडे पत्ता आहे त्याच्या आरोळीकडे दुर्लक्ष करायचं, हा नियम कुणाचा?

"दादा, तू मागत होतास रे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "रोज मागत होतास. मीच ऐकत नव्हते."

तिने टॅबलेट उघडला. होकायंत्राचा भाग पुसला. मग परिषदेत टाळ्या मिळवणारा तो नियमही पुसला. नवीन एक अक्षरही लिहिलं नाही.

"सर, एकदा. फक्त एकदा."

"तो पुन्हा पडला तर?"

"पडलो तर पडलो," रणधीर पायरीवरून म्हणाला. "पाण्यात पडायला मी काय नवा हाय? डॉक्टर, तुमच्या कुलपापेक्षा नदी बरी."

डॉक्टरांनी स्वतः वाकून रणधीरच्या कमरेचा पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला आणि एक गाठही मारली.

पुन्हा होडी सुटली. आता कुणी ओरडत नव्हतं. घाटावर जमलेली माणसंसुद्धा गप्प. शलाकाची नजर टॅबलेटवर. होडी पिंपाशी आली, वळू लागली, अर्धी वळली. रणधीर घाट मारतच होता. आणखी वळली. पाणी होडीच्या काठाशी आलं.

"फिरली!" तात्यांची आरोळी आली.

पडद्यावर मेंदूकडच्या दोन्ही कार्डांचे पत्ते एकदम पुसले गेले. सगळी रांग कोरी. मग एक आरोळी उमटली, मग दहा, मग शेकडो. मला पत्ता द्या, मला द्या, मला द्या! सेतू भराभर देत सुटला. तिने मान वर केली तेव्हा रणधीरचं वल्हं पाण्यात शिरत होतं, सगळ्यांच्या बरोबर, मळीकडे.

घाटावर एकच गलका झाला. डॉक्टर तिला हलवून काहीतरी म्हणत होते, ते तिला ऐकूच येत नव्हतं. होडी आता प्रवाहाविरुद्ध चालली होती, जोर जास्त लागत होता, वल्हेवाले पाय फासळीला रेटून मागे झुकत होते. रणधीरही त्यांच्यासारखा झुकत होता.

"हे काय आलं?" डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

शलाकाने खाली पाहिलं. डाव्या पायाच्या कार्डावर एक ओळ उमटली होती. एकच. कुणी आहे का, मला पत्ता द्या. तिने काही करायच्या आत सेतूने त्या गल्लीतला पहिला क्रमांक काढून देऊनही टाकला होता.

वल्ह्यांचा आवाज थांबला. होडीत रणधीर वल्हं आडवं धरून बसला होता आणि मान वाकवून खाली बघत होता. मग तो वळून, सगळी नदी दणाणेल अशा आवाजात ओरडला:

"शले! पायाखाली कायतरी गार लागतंय गं!"

"पाणी आहे, दादा!" ती दुप्पट जोराने ओरडली. "होडीत पाणी आलंय!"